रोजावातील शांतता समित्या आणि लोकन्यायालये: तंटा नेमका कोणत्या वाटेने जातो?

माझगावकर:

विधी शाखेच्या शेवटच्या वर्षासाठी मी सामुदायिक मध्यस्थी या विषयावर शोधनिबंध लिहीत आहे. एखाद्या परिसरातील शांतता बिघडवू शकणारे तंटे तीन मध्यस्थांच्या मंडळाने सोडवावेत, अशी तरतूद मध्यस्थता कायदा, २०२३ मध्ये केलेली आहे. तिच्याशी तुलना करण्यासाठी ईशान्य सीरियातील कुर्दांच्या स्वायत्त प्रदेशाचे, म्हणजे रोजावाचे, उदाहरण घ्यावे असे आमच्या मार्गदर्शक बाईंनी सुचवले. वाचायला बसले तेव्हा दोन टोकांचे लेखन हाती आले. एका बाजूचे म्हणणे असे की, तेथे न्यायालय आणि तुरुंग यांना पर्याय सापडला आहे; दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, एका सशस्त्र पक्षाने लोकांचे नाव पुढे करून आपलीच सत्ता चालवली आहे. तक्रार कोण घेते, समोरचा आलाच नाही तर काय होते, निकाल मान्य नसेल तर दाद कुठे मागायची, या रोजच्या कारभाराबद्दल मात्र दोघेही फारसे बोलत नाहीत.

माझी खरी शंका वेगळी आहे. आपल्याकडे जात पंचायतींनी कुटुंबे वाळीत टाकल्याची प्रकरणे इतकी झाली की, २०१६ साली राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यामुळे चार वडीलधाऱ्यांनी बसून तंटा मिटवला असे कोणी कौतुकाने सांगितले की, त्या तंट्यातल्या बाईचे पुढे काय झाले हाच प्रश्न मला आधी पडतो. रोजावातील समित्या याहून वेगळ्या आहेत का, आणि असल्या तर कशामुळे? शिवाय इराकमधील कुर्दिस्तानची न्यायव्यवस्था याच धर्तीची आहे, की ते प्रकरणच निराळे आहे? जाणकारांनी सवडीने, पण सविस्तर लिहावे ही विनंती.

पार्लेकर:

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो: ते प्रकरण पूर्णपणे निराळे आहे. इराकी कुर्दिस्तानला २००५ च्या इराकी राज्यघटनेच्या ११७ व्या कलमाने मान्यता दिलेली आहे आणि तेथील न्यायालये आपल्याला ओळखीची वाटतील अशीच आहेत: पदवीधर न्यायाधीश, छापील संहिता, अपिलांची उतरंड. दोन्हीकडे कुर्द आहेत एवढ्यावरून त्यांना एका तक्त्यात बसवू नका. बाकीचे कोणीतरी लिहीलच.

रोजावाची गोष्ट पोकळीतून सुरू होते. जुलै २०१२ मध्ये सीरियाचे सरकारी सैन्य कोबानी, अफरीन आणि आसपासच्या कुर्दबहुल भागांतून मागे सरले. जमिनीच्या हद्दी, विहिरीचे पाणी, उसनवारी, काडीमोड आणि पिढ्यान्‌पिढ्यांची रक्तवैरे मात्र जागच्या जागी राहिली. काही कुर्द वस्त्यांमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून गुपचूप काम करणाऱ्या समित्या होत्या, कारण सरकारी कचेरीत गेले की आधी ओळखपत्राची आणि मग राजकारणाची चौकशी होई. त्याच समित्या पुढे उघडपणे कामाला लागल्या. जानेवारी २०१४ मध्ये जझीरा, कोबानी आणि अफरीन या तीन विभागांनी स्वायत्तता जाहीर केली आणि ‘सामाजिक करार’ या नावाने आपली घटना लिहिली. तिने फाशीची शिक्षा रद्द केली आणि कारभाराच्या संस्थांमध्ये स्त्री-पुरुष दोघांचेही प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली जाऊ नये असे बंधन घातले. २०१६ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये हा करार नव्याने लिहिला गेला.

आता स्वायत्त प्रशासनाच्या व्यवस्थेतली तंट्याची वाट पाहू. सर्वांत खाली कम्यून, म्हणजे एक गाव किंवा शहरातल्या काही गल्ल्या. प्रत्येक कम्यूनची शांतता आणि समेट समिती असते आणि तिच्यात साधारण पाच ते नऊ माणसे असतात. त्यांना कायद्याची पदवी लागत नाही. दोन्ही बाजूंचे ऐकून तोडगा सुचवणे, माफी, भरपाई किंवा हद्दीचा दगड कुठे बसवायचा हे ठरवणे, एवढेच त्यांचे काम असते. त्यांना कोणालाही तुरुंगात टाकता येत नाही. समेट झाला नाही किंवा गुन्हा गंभीर असला तर प्रकरण जिल्ह्याच्या लोकन्यायालयात जाते, आणि त्याच्यावर अपिलाची न्यायालये आहेत. या न्यायालयांतही प्रत्येक न्यायाधीश कायदेपंडित असावाच असा आग्रह नाही. समाजात विश्वास असलेली व्यक्ती लोकांच्या सूचनेवरून निवडली जाऊ शकते. कायदा मात्र त्यांनी सगळाच नव्याने घडवलेला नाही. काही नवे कायदे सोडले तर, सामाजिक कराराशी विसंगत नसेल तिथवर जुना सीरियन कायदाच चालवला गेला.

खुनाचे प्रकरण पाहिले म्हणजे समितीचे खरे महत्त्व कळते. आरोपी न्यायालयापुढे जातो, त्यात समिती पडत नाही. पण त्याच वेळी समितीची माणसे दोन्ही घरांच्या ओसरीवर जाऊन बसतात, कारण न्यायालयाने वीस वर्षांची शिक्षा दिली तरी मृताचा चुलतभाऊ आरोपीच्या भावाची वाट पाहत बसणार हे सगळ्यांना ठाऊक असते. कधीकधी दोन्ही वस्त्यांतली शेकडो माणसे बोलावून उघड बैठक भरवली जाते आणि सूड घेणार नाही हे मृताच्या घरच्यांकडून चारचौघांत वदवून घेतले जाते. हे काम न्यायाधीश करू शकत नाही.

म्हणून माझे मत असे की, ज्या दोघांना उद्याही एकाच गल्लीत राहायचे आहे त्यांच्या भांडणासाठी ही व्यवस्था चांगली आहे. आपल्या तंटामुक्त गाव मोहिमेची आखणी आठवून पाहा. २००७ साली ती सुरू झाली तेव्हा ग्रामसभेने समिती निवडायची आणि आपसात मिटवता येण्याजोगे दिवाणी, महसुली आणि फौजदारी तंटे तिने हाताळायचे असे ठरले होते. गंभीर गुन्ह्यांना तिने हात लावायचा नव्हता. फरक एवढाच की, आपल्या समितीच्या मागे एक चालू राज्य उभे होते आणि गावाला बक्षिसाची आशा होती. रोजावातील समितीच्या मागे यांपैकी काहीच नव्हते.

समुपदेशक, घाटकोपर:

पार्लेकरांनी चांगली मांडणी केली, पण माझगावकरांचा प्रश्न बाईविषयी होता आणि त्याचे उत्तर ४० टक्क्यांत मिळत नाही. पाच पुरुषांच्या शेजारी चार बायका बसवल्या म्हणून तक्रार घेऊन आलेल्या सुनेला धीर येतो असे नव्हे. तिला धीर येतो तो दार वेगळे असल्यामुळे, आणि तेथे दार वेगळे आहे.

त्या दाराचे नाव ‘माला जिन’, म्हणजे स्त्रियांचे घर. पहिले घर २०११ मध्ये कामिश्लो शहरात उघडले, म्हणजे स्वायत्तता जाहीर होण्याच्याही आधी. पुढे बहुतेक शहरांत आणि मोठ्या गावांत अशी घरे झाली आणि अरब, सिरियाक (ख्रिस्ती), यझिदी (एक धार्मिक अल्पसंख्य समाज) बायकाही तेथे जाऊ लागल्या. मारहाण, जबरदस्तीचे लग्न, दुसरी बायको आणणे, मुलांचा ताबा या तक्रारी सर्वसाधारण समितीकडे न जाता या घराकडे येतात. बाईचे म्हणणे आधी एकटीचे ऐकून घेतले जाते. मग घरातल्या कार्यकर्त्या नवऱ्याला बोलावतात, किंवा सरळ त्याच्या घरी जातात आणि सासू, दीर, भाऊ सगळ्यांशी बोलतात. समेट झाला तर नवऱ्याकडून लेखी हमी घेतली जाते. ती मोडली किंवा बाईला समेट नकोच असला तर कागद न्यायालयात जातात, आणि सोबत त्या घराचा अहवाल असतो. नवरा हिंसक असेल तर असायिश या अंतर्गत सुरक्षा दलातील स्त्रियांची तुकडी मदतीला येते.

या सगळ्याला कायद्याचा आधार मिळाला तो १ नोव्हेंबर २०१४ रोजी जझीरा विभागाने काढलेल्या फर्मानामुळे. त्याने बहुपत्नीत्व आणि अठरा वर्षांखालील विवाह बंद केले, वारशात आणि साक्षीत स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचे स्थान दिले. सीरियाचा १९५३ चा व्यक्तिगत कायदा ज्यांनी चाळला आहे त्यांना ही उडी किती मोठी आहे हे सांगायला नको. अर्थात रक्का आणि देर एझ्‌-झोर हे अरबबहुल भाग पुढे या प्रशासनाखाली आले तेव्हा टोळीप्रमुखांचा विरोध झाला आणि तेथे हे नियम बरेच सैल सोडण्यात आले. टोळीचे शेख मध्यस्थी करत राहिले आणि प्रशासनही त्यांच्याशी जुळवून घेत राहिले.

मुंबईत १९८४ पासून पोलीस यंत्रणेच्या आतच स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष चालतो आणि अशा कामाशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून एक गोष्ट अधिकाराने सांगते. हमीपत्र लिहून घेणे सोपे असते. त्यावर दोघांच्या सह्या होतात, तारीख पडते, चहा होतो. पुढच्या तारखेला नवरा सोबत येतो की बाई एकटीच येते, आणि एकटी आली तर पदर कसा घेऊन येते, यावर बरेच काही कळते. माला जिनच्या कामाची प्रशंसा करणारे लेखन त्या पहिल्या सहीपर्यंत येऊन थांबते, हा माझा आक्षेप आहे. संसार वाचवण्याचा दबाव कार्यकर्त्या बायकांकडूनही येतो, आणि युद्धाने पोळलेल्या समाजात तर घर मोडू नये ही ओढ अधिकच असते. तरीही जात पंचायतीत आणि यात मूलभूत फरक आहे तो असा की, पंचायतीपुढे बाईचा विषय निघतो, येथे बाई स्वतः विषय काढते.

फोर्टचे वकील:

वरच्या दोन्ही उत्तरांत एक जागा रिकामी राहिली आहे. तंटा शेजाऱ्याशी असेल तेव्हा व्यवस्था कशी चालते हे आपण सांगितलेत. तंटा खुद्द सत्तेशी असेल तेव्हा ती कशी चालते हे कोणी सांगितले नाही. न्यायव्यवस्थेची परीक्षा मी तरी तिथेच घेतो.

इस्लामिक स्टेटशी संबंधित खटल्यांसाठी २०१४ मध्ये स्वतंत्र दहशतवादविरोधी कायदा आणि स्वतंत्र न्यायालये झाली. मार्च २०१९ मध्ये बागूझ हे इस्लामिक स्टेटचे सीरियातील शेवटचे ठाणे पडल्यावर हजारो माणसे एकाच वेळी ताब्यात आली. एवढा भार जगातल्या कोणत्याही यंत्रणेला पेलवला नसता, आणि परदेशी कैद्यांच्या देशांनी आपली माणसे परत घेण्याची टाळाटाळ केली हेही खरे. या न्यायालयांनी कोणाला फाशी दिली नाही, ही गोष्ट त्याच सुमारास बगदादमध्ये भराभर सुनावल्या जाणाऱ्या मृत्युदंडांशी ताडून पाहिली तर लहान नाही. परंतु ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या एप्रिल २०२४ च्या अहवालानुसार ५६,००० हून अधिक माणसे कोठड्यांत आणि अल-होल, रोज या छावण्यांत अडकलेली होती आणि त्यांत सर्वाधिक संख्या मुलांची होती. ज्यांचे खटले चालले त्यांना वकील मिळत नव्हता आणि छळाने काढलेले कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरले जात होते, असे त्याच अहवालात नोंदवले आहे. ह्यूमन राइट्स वॉचने २०१४ मध्येच मनमानी अटका आणि सदोष खटल्यांबद्दल लिहिले होते, आणि त्यांतल्या काही अटका राजकीय विरोधकांच्या होत्या. म्हणजे हा दोष केवळ युद्धाच्या ओझ्यामुळे आला असे म्हणता येत नाही.

माझगावकरांना एक टोचणारा तपशीलही देतो. या व्यवस्थेच्या बाजूने लिहिणाऱ्या अभ्यासकांनीच शिक्षेच्या पर्यायांची जी यादी दिली आहे तिच्यात सहकारी संस्थेत काम करायला लावणे आणि प्रशिक्षण देणे यांच्या जोडीला सामाजिक बहिष्कार आणि राहण्याची जागा बदलायला लावणे हेही येते. तुरुंगापेक्षा ते सौम्य आहे असे त्यांना वाटते. ज्या महाराष्ट्राने बहिष्काराला गुन्हा ठरवले तेथे बसून मला तसे वाटत नाही.

आणि समेटाच्या सक्तीबद्दल बोलायचे तर आपली लोक अदालतही धुतल्या तांदळासारखी नाही. तिच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचा दर्जा आहे आणि त्यावर अपील नाही. तरीही संमती फसवून घेतली असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. ज्या दाराने बाहेर पडता येते ते दार समितीच्याच ताब्यात नसावे, एवढी माझी साधी अपेक्षा आहे.

चुनाभट्टीकर:

इराकी कुर्दिस्तानवर कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. तेथे १९९२ पासून एर्बिल या राजधानीत स्वतःचे सर्वोच्च अपील न्यायालय आहे. नव्वदच्या दशकात दोन प्रमुख पक्षांत यादवी झाली, एर्बिल एकाकडे आणि सुलेमानिया दुसऱ्याकडे गेले आणि काही वर्षे न्यायालयेही दोन झाली. २००७ च्या न्यायिक सत्ता कायद्याने न्यायालये मंत्रालयाच्या हाताखालून काढून स्वतंत्र न्यायिक परिषदेकडे दिली. कागदोपत्री हे उत्तम आहे. प्रत्यक्षात पक्षांचे वजन किती राहिले याची कल्पना २०२१ साली एर्बिलच्या फौजदारी न्यायालयाने पत्रकार आणि कार्यकर्ते अशा पाच जणांना ठोठावलेल्या सहा वर्षांच्या शिक्षेवरून यावी; अपिलातही ती कायम राहिली.

स्त्रियांविषयीच्या कायद्यात मात्र हा प्रदेश उर्वरित इराकच्या बराच पुढे आहे. घराण्याच्या अब्रूसाठी केलेल्या खुनाला मिळणारी शिक्षेतील सूट २००२ मध्ये काढून टाकली गेली, २००८ मध्ये बहुपत्नीत्वावर कडक अटी आल्या (बंदी नव्हे, हा रोजावाशी असलेला फरक निबंधात जरूर दाखवा) आणि २०११ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. फाशी २००८ पासून जवळजवळ थांबवली आहे, पण ती कायद्यातून काढलेली नाही, आणि २०१५ मध्ये तीन जणांना ती देण्यात आली.

खरी रस्सीखेच बगदादच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाशी आहे. त्या न्यायालयाचे निकाल अंतिम आणि सर्वांना बंधनकारक आहेत असे राज्यघटनेचे ९४ वे कलम सांगते. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याने कुर्दिस्तानच्या स्वातंत्र्याचे सार्वमत घटनाबाह्य ठरवले, फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रदेशाचा २००७ चा तेल आणि वायू कायदा मोडीत काढला, मे २०२३ मध्ये प्रादेशिक संसदेने स्वतःची मुदत वाढवून घेणे अवैध ठरवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अल्पसंख्याकांच्या अकरा राखीव जागा रद्द केल्या, ज्यांतल्या पाच पुढे परत आल्या. इस्लामिक स्टेटने यझिदींवर केलेल्या अत्याचारांसाठी प्रदेशात विशेष फौजदारी न्यायालय काढण्याचा बेतही २०२१ मध्ये याच न्यायालयाने अडवला. म्हणजे एर्बिलकडे मान्यता आहे, पण वरचा दरवाजा बगदादच्या हातात आहे. रोजावाला वरचा दरवाजाच नव्हता. आमच्या फोर्टच्या वकीलसाहेबांनी यांपैकी कोणती अवस्था बरी हे सांगावे.

माझगावकर:

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेबांनी बहिष्काराचा जो तपशील दिला तो माझ्या वाचनातून निसटलाच असता. आता एकच विचारते. रोजावातील न्यायालयाने घटस्फोट दिला किंवा जमीन कोणाच्या नावे केली, तर तो कागद बाहेर चालत होता का?

पार्लेकर:

नाही, आणि माझ्या मते निबंधाचा गाभा येथेच आहे. कामिश्लो आणि हसाका या शहरांत दमास्कस सरकारने काही मोक्याचे चौक, डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट पडेपर्यंत, आपल्याकडे राखून ठेवले होते आणि त्यांत सरकारी नोंदणी कार्यालये चालत. एकाच शहरात, थोड्या अंतरावर, दोन न्यायव्यवस्था होत्या. एखाद्या बाईला स्वायत्त प्रशासनाच्या न्यायालयात काडीमोड मिळाला, मुले तिच्याकडे दिली गेली, तरी दमास्कसच्या दप्तरात ती विवाहितच राहिली. पारपत्र काढायचे, मुलाला दुसऱ्या प्रांतात शिकायला पाठवायचे किंवा बापाच्या जमिनीतला वाटा नावावर करायचा झाला की, तिला त्या चौकात जाऊन १९५३ च्या कायद्यापुढे पुन्हा उभे राहावे लागे, आणि तेथे वारसा बरोबरीचा नव्हता. त्यामुळे ऐपत असलेली कुटुंबे दोन्हीकडे कागद करून ठेवत आणि नसलेल्यांना एकावरच भागवावे लागे.

१० मार्च २०२५ रोजी दमास्कसचे नवे शासन आणि कुर्दांच्या नेतृत्वाखालील सैन्य यांच्यात करार झाला आणि ईशान्येतील नागरी व लष्करी संस्था सीरियन राज्यात विलीन करण्याचे त्यात मान्य झाले. त्या वाक्याच्या पोटात हे सगळे निवाडे येतात: २०१४ पासूनचे काडीमोड, हद्दीचे दगड, मिटवलेली रक्तवैरे. समितीने दोन घरांत घडवलेला समेट कोणत्याही नोंदणीवाचून टिकेल, कारण तो मुळात दप्तरावर उभाच नव्हता. बाईचा वारसाहक्क मात्र दप्तराशिवाय टिकत नाही. आपल्या २०२३ च्या कायद्यातही सामुदायिक मध्यस्थीतून निघालेल्या समझोत्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ दिलेले नाही. तेव्हा तुलना समित्यांची करण्याऐवजी समेटानंतरच्या कागदाची करा, आणि समुपदेशक ताईंना त्यांच्या हमीपत्राचा नमुना मागून घ्या.

समुपदेशक, घाटकोपर:

नमुना जरूर देईन, नावे काढून. मागे मारलेल्या शेऱ्यांसकट बघा. समोरच्या मजकुरापेक्षा त्यांतच अधिक असते.